तेवीस ए

रुवीच्या हाय स्ट्रीटवर, सोनाराच्या डोक्यावर,
दुसऱ्या मजल्याला बिजेशचं ऑफिस.
बाहेर चव्वेचाळीस, आत अठरा.
ईदचं पॅकेज: बाकू, चार रात्री,
नाश्ता धरून, विमान धरून, ने-आण धरून.
सगळं धरून, तो म्हणाला होता.
शेजारी बसणं धरलेलं नव्हतं.

नाना चौदा सी. आई तेवीस ए.
मी आणि पोर एकतिसाव्या रांगेत, संडासाला टेकून.

विमान कंपनीला फोन लावला.
तिथली बद्रिया साखरेच्या आवाजात म्हणाली,
तिकीट एजंटच्या हातात आहे, मॅडम.
एजंट म्हणाला, सीट कंपनीच्या हातात.
आणि मी जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या जिन्यात,
कुणाच्याच हातात नसलेली दोन म्हातारी माणसं
कानाला लावून उभी.

पॅकेजचा नंबर अकरा आकडी,
तो कंपनीकडे चालत नाही.
कंपनीला हवीत सहा अक्षरं.
ती बिजेशच्या वरच्या माणसाकडे,
वरचा माणूस दुबईत,
दुबईत आज सुट्टी.

चौथ्या दिवशी आली,
व्हॉट्सॲपवर, सुप्रभातच्या गुलाबाखाली.
टाकली, तर पडद्यावर आईचं नाव उघडलं:
इंदुमतीदत्तारा.
मधे जागा नाही. शेवटचा म नाही.
चौकट संपली तिथे नाना संपले.

बघतच राहिले.
सत्तेचाळीस वर्षं एका छपराखाली,
एक पेपरामागे, एक ओट्यापाशी.
एसटीत हे पुढे, कंडक्टरजवळ, पाय लांब करून,
ती मागे बोचक्यांत, माझं डोकं मांडीवर घेऊन.
लग्नाच्या फोटोतसुद्धा मधे कुणाची तरी करवली.
आणि इथे मस्कतमध्ये कुठल्याशा यंत्राने
दोघांना एका दमात लिहिलं होतं,
श्वास घ्यायलाही फट न ठेवता,
आणि बसवलं होतं नऊ रांगा लांब.

मग मी हट्टालाच पेटले.
नाव राहू दे म्हटलं, चालतं म्हणतात एवढं.
सीट बदला.
माणशी साडेचार रियाल, परत न मिळणारे.
ओटीपी नवऱ्याच्या फोनवर,
नवरा सोहारला साइटवर, साइटवर रेंज नाही,
पडद्यावर उलटी पळणारी दहा मिनिटं.
चाळीस सेकंद उरले तेव्हा
धापा टाकत आकडा आला.
सतरा डी. सतरा ई.
दोन चौकोन हिरवे झाले, एकमेकांना खेटून.
जिन्यातच बसले मी. डबा तसाच राहिला.

रात्री वादी कबीरच्या घरी
आई भाकरी थापत होती, तिला सांगितलं.
नाना हं म्हणाले,
हातात पेपर नव्हता तरी पेपरामागून.
आईने भाकरीवर पाणी फिरवलं.
म्हणाली, तेवीस ए म्हणजे काय होतं गं?
खिडकी, मी म्हटलं.
ती गप्प.
मग हाताचं पीठ परातीत झाडत,
येताना खिडकीत हे होते. झोपले होते.
मी मधून मान काढून बघितलं थोडं,
पंखाच होता नुसता.
या वाटेला समुद्र लागतो म्हणतात ना?
नाही, आपलं विचारलं. केलंस ते बरं केलंस.

भाकरी फुगली. कुणी बोललं नाही.

मी फोन काढला.
तेवीस ए अजून मोकळी होती,
आता तिची किंमत सहा रियाल.
सोहारला कळवलं, जागा राहा,
आकडा येईल.

तेव्हा नाना पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले,
मग माझ्या शेजारी कोण?

तव्यावर दुसरी पडली.
ओटीपी आला.